पूर ओसरल्यावरची विहीर



22 जुलै 2023 रोजी आपल्या पुसदशेजारच्या महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुरानं वेढा दिला. अडकलेल्या माणसांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरं बोलवावी लागली. ती बातमी देशभर गेली. पूर ओसरल्यावर विहिरीत काय उरतं, त्याची बातमी मात्र होत नाही.

पूस काय, पैनगंगा काय, पुराचं पाणी गोठा-उकिरडा धुऊन विहिरीत आणतं. हगवण, पटकी लागते ती चार-पाच दिवसांत; कावीळ तर महिन्याभरानं दिसते, तेव्हा कुणाला पूर आठवतही नाही. सरकारी पथक येईल, पण रस्ता उघडेपर्यंतचे दिवस आपले आपणच निभवायचे असतात.

यात गुरुजींना एक विनंती. सातवीच्या वर्गाला हे गणित घाला. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा. व्यासाला व्यासानं गुणा, मग पाण्याच्या खोलीनं आणि 0.785 नं. व्यास 3 मीटर, पाणी 4 मीटर, तर सुमारे 28 घनमीटर, म्हणजे 28,000 लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर, म्हणून 70 ग्रॅम. ती बादलीत कालवावी, चुना खाली बसू द्यावा, वरची निवळी तेवढी विहिरीत सोडून पोहऱ्यानं ढवळावं. मग तासभर कुणी पाणी भरू नये. पुराचं गढूळ पाणी शिरलं असेल तर पावडर जास्त लागते. किती, ते आरोग्यसेवक तपासून सांगतो. तोवर पाणी उकळूनच प्या. व्यास कठड्यावर रंगानं लिहून ठेवा. खोली काय, दोराला दगड बांधून केव्हाही मोजता येते.

आता कुणी आजारी पडलंच तर? पटकीनं माणूस दगावतो तो अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्यानं. 1971 साली पश्चिम बंगालात, बनगावच्या निर्वासितांत पटकीची साथ आली. पूर नव्हता, पण हाल तेच, सलाइन पुरेना. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ, सोडा घातलेलं पाणी पिंपांत भरलं आणि पेले नातेवाइकांच्याच हाती दिले. शेकडा 30 मरत होते, ते 4 च्या आत आले.

तीच पुडी आज आशाताईंजवळ मिळते. नसेल तर उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ वाढवू नका, लेकराला बाधतं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा घोटघोट पाजा. काही घरी हगवणीत पाणीच तोडतात, ते फार वाईट. अंगावरचं दूधही चालू ठेवा. डोळे खोल गेले, लेकरू सुस्त पडलं, तर लगेच दवाखाना गाठा.

आणि ब्लीचिंग पावडर मृगाआधी ताजी आणून घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या जागी ठेवा. उघड्या पोत्यातली गेल्या सालची पावडर म्हणजे नुसता चुना.