बागेला धनी हवा

१९५० साली कन्हैयालाल मुनशी यांनी देशभर वनमहोत्सवाची प्रथा सुरू केली. तेव्हापासून दर पावसाळ्यात आपण हौसेने रोपे लावतो. आणि चैत्रात पाहावे, तर कुंपणाच्या काट्या तेवढ्या उरलेल्या! लावणारे हात पुष्कळ. पाणी घालणारे जातात कोठे?

एक उदाहरण सांगतो, दूरचे आहे. न्यूयॉर्कमधील सेंट्रल पार्क ही ८४३ एकरांची सार्वजनिक बाग. १९७०च्या दशकात शहराची तिजोरी आटली नि बागेची रया गेली. १९८० साली नागरिकांनी पुढे येऊन एक संस्था काढली, वर्गणी गोळा केली, स्वयंसेवक बोलावले. पण नुसती गर्दी जमवली नाही. पुढे बागेचे ४९ विभाग पाडले आणि प्रत्येक विभाग एकेका पगारी माळ्याकडे सोपवला. स्वयंसेवक त्याच्या हाताखाली तण काढतात, पाने गोळा करतात. एखादा कोपरा बिघडला तर विचारायचे कोणाला, हे ठाऊक असते.

गुरुजी, मर्म आहे ते इथेच. श्रमदानाला आपल्याकडे माणसांची वाण नाही. गावच्या बागेला एक जाणता माळी असू द्या. त्याची मजुरी पंचायतीने द्यावी, फुकटचे हात मिळतात म्हणून ती वाचवू नये. मग चार-चार मुलांना पाच-पाच झाडे नेमून द्या. मे महिन्याच्या सुट्टीत पाण्याची पाळी कोणाची, हे रोप लावतानाच ठरवा. झाड लागते पावसाळ्यात खरे. पण त्याची परीक्षा उन्हाळ्यात असते, आणि आपलीही!