मात्रेची सीमा तारेतून जाताना





आपल्यापैकी बरेच जण रोज पॅच बांधतात. चौकटी मांडायच्या, तारा जोडायच्या आणि वाजतं असतानाच पॅच बदलायचा, ही सोय मिलर पकेट यांनी १९८० च्या दशकात पॅरिसच्या इर्काम या संगीत-संशोधन संस्थेत ‘मॅक्स’ ही भाषा लिहून दिली. फिलिप मानुरी यांची पियानो आणि संगणकासाठीची ‘प्लूटॉन’ ही १९८८ ची रचना त्यावरच उभी राहिली. पुढे १९९६ मध्ये सॅन दिएगोला पकेट यांनीच ‘प्युअर डेटा’ घडवलं आणि त्याचा सोर्स सर्वांना खुला ठेवला. दोन्हीकडे तारेतून संदेश म्हणून जायचे ते मुख्यतः आकडे, शब्द आणि त्यांची सपाट यादी. कळ दाबली, स्वर वाजला, एवढ्यासाठी ते पुरेसं होतं. बंदिश सांभाळायला मात्र ते पुरत नाही.

भातखंड्यांची ‘क्रमिक पुस्तक मालिका’ उघडून पाहा. एका मात्रेत चार स्वर असतील तर त्यांच्याखाली एकच कंस असतो. मींड स्वरांवरच्या कमानीने दाखवतात, कणस्वर बारीक अक्षरात डोक्यावर बसतो. आवर्तनात विभाग, विभागात मात्रा, मात्रेत स्वर, स्वरावर कण. हे सगळं एकाच्या पोटात एक आहे. आता ‘गमपम’ एका मात्रेत आणि पुढची पूर्ण मात्रा ‘ग’, एवढंच तारेतून पाठवा. षड्ज ६० धरला तर ६४ ६५ ६७ ६५ ६४ असे पाच आकडे निघतात. मात्रा कुठे संपली, ते त्यात कुठेच नाही. मग आपण कालावधीची वेगळी यादी करतो, कणांची तिसरी. एक स्वर काढला की तिन्ही याद्या दुरुस्त करायच्या. एकीत विसरलं, की पुढचं सगळं आवर्तन सरकतं.

‘प्युअर डेटा’त यावर उत्तर आहे आणि मला ते फार मोलाचं वाटतं. तिथे स्ट्रक्ट लिहून आपण डेटाचा आपला प्रकार ठरवतो आणि त्याचं चित्रही आपणच ठरवतो. पडद्यावरची रेघ माउसने ओढली की आतला आकडा बदलतो. चित्र हीच नोंद. पण हा डेटा स्वतः तारेतून जात नाही, जातो त्याचा पॉइंटर, म्हणजे फक्त पत्ता. एका आउटलेटमधून दोन तारा निघाल्या आणि पहिल्या फांदीने सेटने किंमत बदलली, की दुसरीला बदललेलीच मिळते. त्यातही ‘प्युअर डेटा’त कोणती फांदी आधी चालेल, ते तार आधी कोणती जोडली यावर ठरतं, म्हणून क्रम पक्का करायला ट्रिगर लावावा लागतो. ‘मॅक्स’मध्ये ते चौकटीच्या जागेवर ठरतं, उजवीकडची आधी. पॅच नीटनेटका दिसावा म्हणून चौकट सरकवली आणि संगीत बदललं, असं होऊ शकतं. हा दोष वापरणाऱ्याच्या माथी मारणं मला मान्य नाही.

‘मॅक्स’मध्ये पुढे डिक्शनरी आली. आंद्रेआ अगोस्तिनी आणि डॅनिएले गिझी यांच्या ‘बाख’ लायब्ररीने तर यादीच्या पोटात यादी आणि तिच्यासाठी स्वरलेखनाची खिडकीही दिली. दिशा बरोबर आहे. पण ही क्षमता भाषेच्या गाभ्यात हवी, वरून जोडलेली नको. पोटात यादी असलेली यादी आकड्याइतक्याच सहजपणे तारेतून गेली पाहिजे, आणि एका फांदीतला बदल दुसरीत झिरपता कामा नये.

यावर गणनेच्या खर्चाचा आक्षेप रास्त आहे. ‘प्युअर डेटा’ ६४ नमुन्यांच्या तुकड्यांत आवाज मोजतं. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या दराला तो तुकडा दीड मिलिसेकंदाचाही नाही, आणि संदेशांची कामं या तुकड्यांच्या अधेमधे उरकावी लागतात. प्रत्येक फांदीला अख्ख्या बंदिशीची नक्कल देत बसलो तर आवाज तुटेल. पण नक्कल लगेच करायची गरजच काय? बदल होईपर्यंत सगळ्यांनी एकच प्रत वाचावी. जो बदलेल, त्याच्यापुरती आणि तेवढ्याच भागाची नवी प्रत व्हावी. इतर भाषांत हे तंत्र जुनं आहे.

या परिषदेतून एक कामगट बसावा, अशी माझी सूचना आहे. त्यात प्रोग्रामरइतकेच गाणारे-वाजवणारे असावेत. पहिली चाचणी म्हणून त्यांनी ‘क्रमिक’मधलं त्रितालाचं एक आवर्तन घ्यावं. सोळा मात्रा, कण, मींड, सगळं एकाच तारेतून पाठवावं, वाटेत एक स्वर काढावा, आणि पलीकडे सम जागेवर पडते का ते गाणाऱ्यांनी ऐकून सांगावं.