आकडा आणि निर्णय



शाळेत मोजण्यासारखे पुष्कळ असते. परंतु कोणता आकडा ठेवावा, हे त्यावरून कोणता निर्णय घ्यावयाचा आहे यावर ठरले पाहिजे.

पटावर चाळीस मुले आणि सरासरी हजेरी बत्तीस, एवढ्याने काही कळत नाही. रोज निरनिराळी आठ मुले गैरहजर असतील, तर आजार, बाजाराचा दिवस किंवा सुगी ही कारणे शोधावी लागतील. रोज तीच आठ असतील, तर ती मुले शाळेतून सुटत चालली आहेत आणि त्यांच्या घरी गेले पाहिजे. सरासरी तीच, उपाय मात्र दोन. म्हणून येथे सरासरीपेक्षा नाववार नोंद उपयोगाची.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. ज्या आकड्यावर पोट अवलंबून असते, तो फार काळ खरा राहत नाही. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने अनुदानाची नवी संहिता आली. तपासनीसाने सहा वर्षांवरील मुलांची वाचन, लेखन व अंकगणितात परीक्षा घ्यावयाची आणि मूल ज्या विषयात नापास होईल, त्या प्रत्येक विषयामागे २ शिलिंग ८ पेन्स अनुदान कापावयाचे. सरकारी पैशाचे चीज व्हावे हा हेतू होता. प्रत्यक्षात वाचनपुस्तके घोकून घेतली जाऊ लागली आणि बाकीचे विषय मागे पडले. कवी मॅथ्यू अर्नोल्ड स्वतः शाळा तपासनीस होते. त्यांनी या यांत्रिकतेवर कठोर टीका केली. १८९० नंतरच्या दशकात ती पद्धत संपुष्टात आली.

याउलट, २००५ पासून ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने होणारी ‘असर’ पाहणी घ्या. ग्रामीण मुलांच्या घरी जाऊन अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद व गोष्ट यांपैकी मूल कोणत्या पायरीवर आहे, हेही ती पाहते. तिच्यावर शाळेचे अनुदान ठरत नाही. अशी पायऱ्यांची नोंद वर्गातही ठेवता येते, आणि कोणत्या मुलांना एकत्र बसवून काय शिकवावे, हे तिच्यावरून दुसऱ्याच दिवशी ठरते.

मात्र मुलाची गरज शोधणारी चाचणीच शिक्षकावरील शेऱ्याचा आधार झाली, तर मागे पडलेले मूल कागदावरून नाहीसे होईल आणि वर्गात तसेच बसून राहील. म्हणून तक्त्यात नवा रकाना आखण्यापूर्वी विचारावे, की हा भरल्यावर उद्या कोण, काय वेगळे करणार? उत्तर नसेल, तर तो रकाना न आखलेलाच बरा.