आधी दोष शोधा, मग इंजिन खोला
(इचलकरंजी येथील बैठकीतील भाषण)



कापसाचं सूत जिथं मागावर चढतं, त्या इचलकरंजीला येताना आमची जुनी डिझेल पिकअप मिसिंग करू लागली. चढाला ओढ नाही, मागं पांढरा धूर. गॅरेजवाला म्हणाला, "इंजिन खोलावं लागेल." आम्ही म्हटलं, थांबा. कपाशी पिवळी पडली की आपण आधी मुळं बघतो.

फिल्टरमधलं पाणी सोडलं, हातपंपानं हवा काढली. थरथर तशीच. मग चालू इंजिनवर एकेका नोझलच्या पाइपाचं नट किंचित सैल केलं. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्याला आवाज पडला. तिसऱ्याला बदललाच नाही. म्हणजे तोच सिलिंडर मेलेला. त्याचं नोझल दुसऱ्यात बसवलं, तर दोष तिकडं गेला. जागीच राहिला असता, तर व्हॉल्व्ह, कॉम्प्रेशन बघावं लागलं असतं. नोझल दुरुस्त केलं. इंजिन मिटलेलंच राहिलं.

कॉमनरेलच्या नव्या गाडीत मात्र नट सैल करू नका. तिथं दाब १००० बारच्या वर जातो. डिझेल कातडीत घुसतं.

बिल आपण भरणार, तर दोष दाखवा म्हणायचा हक्कही आपलाच.