वैद्यक कीं विज्ञान ?

विरारच्या पूर्वेकडील मनवेलपाड्यांत बारावीचा निकाल लागला, कीं सायंकाळीं पेढे घेऊन येणारा प्रत्येक पाहुणा एकच प्रश्न विचारतो : "आतां डॉक्टर ना ?" मूल मान हलवितें. विचार करून किती जणांनीं ती हलविली, हें कोणी पाहत नाहीं. पुढें 'नीट'चा निकाल येतो, गुण कमी पडतात आणि तेंच मूल बी. एस्सी.च्या वर्गांत जाऊन बसतें. नांव महाविद्यालयांत असतें, चित्त पुढल्या वर्षाच्या 'नीट'कडे असतें, आणि घरचीं माणसें शेजाऱ्यांस सांगतांना आवाज खालीं आणतात.

हा पेंच नवा नाहीं. पुण्यास १९१७ सालीं जन्मलेल्या कमल समर्थ यांचे वडील फर्ग्युसन महाविद्यालयांत जीवशास्त्र शिकवीत. तरीही मुलीनें वैद्यक शिकावें व डॉक्टराशींच लग्न करावें, अशी त्यांची इच्छा होती. शिक्षकास आपल्या विषयाची गोडी ठाऊक असते, तसें त्याचें उत्पन्नही ठाऊक असतें ! मुलीनें मात्र वनस्पति व प्राणी हेच विषय घेतले, आणि १९३९ सालीं लग्न केलें तें रणदिवे नांवाच्या गणितज्ञाशीं. १९४३ सालीं सीताफळाच्या कुळांतील वनस्पतींच्या पेशींवर अभ्यास करून त्यांनीं पुण्याच्या शेतकी महाविद्यालयांतून एम. एस्सी. पदवी मिळविली.

सीताफळाच्या पेशी पाहणारी ही बाई मुंबईस टाटा स्मारक रुग्णालयांत आली, ती कर्करोगाच्या पेशी पाहण्यास. तेथें गुरु लाभले डॉ. वसंत रामजी खानोलकर. हे स्वतः वैद्यक शिकलेले, परंतु रोग्याच्या उशाशीं न बसतां सूक्ष्मदर्शकापाशीं बसलेले. वैद्यक नाकारलेली शिष्या आणि वैद्यकांतून प्रयोगशाळेंत आलेला गुरु, हा योग मोठा बोलका आहे. १९४९ सालीं त्यांस मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. पुढें अमेरिकेंत जॉर्ज गे यांच्यापाशीं ऊतिसंवर्धनाचें तंत्र शिकून त्यांनीं तें मुंबईस रुजविलें. स्तनांच्या कर्करोगावरील त्यांचे उंदरांचे प्रयोग वर्षानुवर्षें चालले. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनीं काम केलें. १९८२ सालीं त्यांस पद्मभूषण मिळालें.

दोन्ही कामांचा स्वभावच निराळा. डॉक्टरास अपुऱ्या माहितीवर आजच निर्णय करावा लागतो, कारण रोगी समोर कण्हत असतो. संशोधकास माहिती अपुरी असतां निर्णय करण्याची मुभाच नसते. ज्याला रात्रीं दोन वाजतां हांक आली तर राग येत नाहीं, त्यानें रुग्णालयाकडे जावें. ज्याला एकच प्रयोग सहा वेळां फसल्यावर सातव्यांदा मांडण्याची उत्सुकता उरते, त्यानें प्रयोगशाळेकडे. ही परीक्षा 'नीट'च्या प्रश्नपत्रिकेंत नसते, आणि दुर्दैवानें शिकवणीच्या वर्गांतही नसते.

वडिलांची काळजी मात्र खोटी नव्हे. एम. बी. बी. एस.चीं साडेचार वर्षें व आंतरवासितेचें एक वर्ष संपलें, म्हणजे हातीं व्यवसाय येतो. विज्ञानांत पदवी, पदव्युत्तर पदवी आणि मग डॉक्टरेट एवढें झाल्यावरही कायमची नोकरी दूरच असूं शकते. हें मुलांस आधींच सांगावें, लपवूं नये. त्याबरोबर हेंही सांगावें कीं पुण्यास २००६ सालापासून विज्ञानशिक्षण व संशोधनाची स्वतंत्र राष्ट्रीय संस्था आहे. तेथें प्रवेश मिळविणें हें 'नीट' हुकल्याचें प्रायश्चित्त नव्हे.

रणदिवेबाईंनीं १९७३ सालीं कांहीं सहकारी स्त्रियांसह भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना उभी केली. आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी करण्यासही त्या गेल्या. त्यांच्या कर्करोग-संशोधनाची परंपरा आज खारघर येथें चालू आहे. तेथें एकाच आवारांत रुग्णालयही आहे आणि प्रयोगशाळाही. मनवेलपाड्याहून तेथें पोंचावयाचें तर पहाटेचीच गाडी धरावी लागेल.