ढाणी म्हणजे वस्ती



मी बार्शी तालुक्यातली. कुणी गाव विचारलं तर मी गावाचं नाव सांगते, पण आम्ही गावात राहत नाही, शेतात राहतो. चार घरं, एक विहीर, दोन बोअर आणि एक चिंच. आमच्याकडं याला वस्ती म्हणतात. राजस्थानात अशाच शेतातल्या चार-सहा घरांना ढाणी म्हणतात. चोखी म्हणजे छान, उत्तम. आपल्या मराठीत 'चोख' आहे ना, तसंच. म्हणजे 'चोखी ढाणी'चं मराठी करायचं तर 'झकास वस्ती'.

जयपूरला टोंक रोडवर, शहरापासून साधारण वीस किलोमीटरवर, या नावाचं मोठं रिसॉर्ट आहे. तुमच्यापैकी बरेच जण तिथं जाऊन आले असतील. पुण्याजवळ नगर रस्त्यावर याच नावाचं ठिकाण आहे, तिथंही गेला असाल. तिकीट काढायचं, कपाळाला टिळा लावून घ्यायचा, 'राम राम सा' ऐकायचं आणि आत शिरायचं. आत मातीच्या भिंती, मांडण्याची नक्षी, उंट, बैलगाडी, कठपुतळ्या, जादूगार, पोपटवाला ज्योतिषी, डोक्याला चंपी करणारा, आणि शेवटी पंगत. जेवण तिकिटातच असतं.

तिथं मी दोनदा गेले. पहिल्यांदा २०११ साली, पाहुणी म्हणून. दुसऱ्यांदा नोव्हेंबर २०२३ मध्ये, दिवाळी झाल्यावर. पाहुणी दुसऱ्यांदाही होतेच, पण मधल्या काळात एक गोष्ट घडली होती. आमच्या वस्तीवर आम्ही हुरडा पार्टी सुरू केली होती.

ती हौसेनं सुरू केलेली नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, आठवत असेल. आमची वस्ती लातूरपासून शंभरेक किलोमीटरवर. त्या उन्हाळ्यात आमचे दोन्ही बोअर बंद पडले. नुसत्या शाळूवर घर चालेना. पुढच्या थंडीत आम्ही गुळभेंडी पेरली, आगटी पेटवली आणि पुण्या-सोलापूरची माणसं बोलावली. शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, दुपारी पिठलं-भाकरी. पाहुणे वाढले, तसं त्यांचं मागणंही वाढलं. झोपाळा बांधा. बैलगाडी सजवा. आजींना नऊवारीतच बसवा, फोटो चांगला येतो.

आजी म्हणजे माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. त्या नऊवारीच नेसतात, कुणी सांगायची गरज नव्हती. पण एका रविवारी, सगळे जेवून उठल्यावरही फोटोसाठी चूल पेटती ठेवायची होती, तेव्हा आत्या मला म्हणाल्या, "आगं, मला भाकरी करायचीय का करताना दिसायचंय?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर मी ठरवलं की आत्यांना घेऊन जयपूरला जायचं. जे लोक हे काम आपल्या कितीतरी आधीपासून करतायत, ते कसं करतात ते बघायचं.

चोखी ढाणी सुरू झाली १९८९ साली. त्याच वर्षी मुंबईत गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झालं. मला याची गंमत वाटते. एकीकडं शहरातली पोरं यंत्राच्या पाळण्यात बसायला निघाली, आणि दुसरीकडं शहरातलीच माणसं बैलगाडीत बसायला पैसे मोजायला लागली. म्हणजे गाव सोडून पुरेशी वर्षं झाली होती. गावात राहणारा माणूस बैलगाडीत बसायला तिकीट काढत नाही.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत वॉल्ट डिस्ने यांनी १९५५ साली डिस्नेलँड उघडलं. आत शिरल्या शिरल्या राजवाडा लागत नाही, आधी एका छोट्या गावाचा मुख्य रस्ता लागतो. डिस्ने लहानपणी काही वर्षं मिसुरी राज्यातल्या मार्सलिन नावाच्या गावात राहिले होते. त्या आठवणीतून तो रस्ता उभा राहिला. तिथल्या इमारतींचे वरचे मजले मुद्दाम लहान बांधलेत, म्हणजे बघणाऱ्याला सगळं जरा गोड वाटावं. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या थीम पार्कच्या दारातही सोडून आलेलं गावच उभं आहे.

आता याला खोटं म्हणायचं का? जयपुरात उभं राहून तसं म्हणणं अवघड आहे. सवाई जयसिंगांनी १७२७ साली हे शहर आखून वसवलं. गुलाबी रंग तेव्हाचा नाही. १८७६ साली इंग्लंडचा युवराज येणार म्हणून सवाई रामसिंग दुसरे यांनी शहर रंगवून घेतलं. पाहुणा येऊन गेला, रंग राहिला. आज तोच रंग जयपूरची ओळख आहे. पाहुण्यासाठी चढवलेला साज दीडशे वर्षं टिकला तर त्याला खोटं कसं म्हणणार?

पण पाहुण्याला काय दाखवायचं, याबरोबर काय दाखवायचं नाही हेही ठरतंच. त्रिपोलिया बाजाराजवळ ईसरलाट नावाचा उंच मनोरा आहे. सवाई ईश्वरीसिंगांनी तो १७४९ साली विजयाची खूण म्हणून बांधला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १७५० मध्ये, मल्हारराव होळकरांची फौज खंडणीसाठी जयपूरवर चालून आली, तेव्हा याच राजानं विष घेतलं. आणि जानेवारी १७५१ मध्ये जयपूरच्या लोकांनी शहरात शिरलेल्या मराठ्यांची कत्तल केली. मराठी पर्यटकांच्या बसमध्ये हे कुणी सांगत नाही. पाहुण्याचं मन दुखवायचं नसतं. ते मी समजू शकते, कारण मीही पाहुण्यांवर जगते.

तर, संध्याकाळी आम्ही चोखी ढाणीत गेलो. २०११ ला मी नाच बघितला होता, जेवण बघितलं होतं. यावेळी मी माणसं बघत होते. आत्या तर थेट चुलीपाशी गेल्या. तिथं एक बाई बाजरीच्या भाकरी थापत होती. आत्यांना हिंदी येत नाही, त्या बाईला मराठी येत नाही. आत्यांनी आधी वर बघितलं आणि मला विचारलं, "धूर कुठं जातुया?" मग म्हणाल्या, "हिला इच्यार, उठता कवा येतं?" मी विचारलं. ती हसली. म्हणाली, आम्ही दोघी आहोत, आळीपाळीनं बसतो. थोड्या वेळानं दुसरी आली आणि पहिली उठून गेली. आत्या बराच वेळ ते बघत राहिल्या.

मग कठपुतळ्या. मला वाटतं राजस्थानातली ही सगळ्यात गुणी मंडळी. आंब्याच्या लाकडाचं डोकं, खाली पाय नाहीत, नुसता लांब घागरा, आणि तोंडात बांबूची छोटी शिट्टी धरून काढलेला तो किनरा आवाज. खेळ भाट लोकांचा, आणि नायक नेहमीचा, नागौरचा अमरसिंह राठोड. शहाजहानच्या भर दरबारात सलाबतखानाला मारणारा आणि १६४४ साली आग्र्यात मारला गेलेला. खेळ संपल्यावर मी त्या खेळियाशी बोलले. म्हणाला, आजोबा ही कथा रात्रभर लावायचे. आता दहा-पंधरा मिनिटं. मी विचारलं, पूर्ण येते का? म्हणाला, येते, पण ऐकायला बसणारं कुणी लागतं ना.

आमच्याकडचे गोंधळी मला हेच सांगतात. शब्दसुद्धा जवळपास हेच.

आणि लगेच शेजारी कालबेलिया नाच चालला होता. इथं मात्र मला दुसरी बाजू दिसली. कालबेलिया म्हणजे साप खेळवणारी भटकी जमात. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि साप बाळगणं गुन्हा ठरलं. एका कायद्यानं पोटापाण्याचा धंदा गेला. आधार दिला तो नाचानं. गुलाबो सपेरा हे नाव तुम्ही ऐकलं असेल. मुलगी झाली म्हणून जन्मल्याबरोबर आपल्याला पुरलं होतं आणि मावशीनं बाहेर काढलं, असं त्या स्वतः सांगतात. पुष्करच्या मेळ्यात त्यांचा नाच लोकांच्या नजरेत भरला, त्या अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या, २०१६ साली पद्मश्री मिळाली. २०१० मध्ये युनेस्कोनं कालबेलिया गाणी आणि नृत्य अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. जी मुलगी नको होती, तिच्या पावलांवर सगळ्या जमातीचं नाव जगात गेलं. मग पाहुण्यांसमोर नाचणं वाईटच, असं मी कसं म्हणू?

त्यानंतर पंगत. खाली बसून, पुढ्यात पानाचं ताट. दाल-बाटी-चुरमा, गट्टे, कढी, केर-सांगरी. वाढणारा माणूस पुढं सरकतच नाही, अजून एक घ्याच म्हणतो. याला तिकडं मनुहार म्हणतात. आपला आग्रह.

केर-सांगरीबद्दल थोडं सांगते. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा. खेजडी म्हणजे तेच झाड, ज्याच्यासाठी १७३० साली जोधपूरजवळ खेजडलीत ३६३ बिश्नोई माणसांनी जीव दिला. केर हे वाळवंटातल्या काटेरी झुडपाचं फळ. पाऊस नाही पडला, पेरलेलं नाही उगवलं, तरी ही दोन्ही उभी असतात. म्हणजे हे मुळात दुष्काळातलं खाणं. आज ते पंचतारांकित ताटात मानानं बसलंय, आणि भावही तसाच आहे.

मी हे आत्यांना सांगितलं. त्यांचा घास थांबला. १९७२ च्या दुष्काळात आत्या सतरा-अठरा वर्षांच्या होत्या. खडी फोडायला जायच्या. सुकडी मिळायची, आणि अमेरिकेतून आलेला लाल मिलो. त्या म्हणाल्या, "आपण का न्हाय सांगत पाव्हण्यास्नी?"

खरंच, का नाही सांगत? आमच्या हुरड्यात गूळ आहे, झोपाळा आहे, बैलगाडी आहे. टँकर नाही. कर्ज नाही. खडी नाही. गावाचं चित्र काढताना आपण पहिल्यांदा गावाचं दुखणं पुसतो.

पण त्या पंगतीत मला आणखी एक गोष्ट दिसली. माझ्या उजवीकडं गुजराती कुटुंब, डावीकडं दिल्लीचं, समोर कोण कुठलं माहीत नाही. कुणी कुणाचं आडनाव विचारलं नाही. खऱ्या गावात, आमच्या गावातसुद्धा, माझ्या आठवणीत कुणी कुठं बसायचं हे ठरलेलं असायचं. सगळे एका ओळीत बसलेले मी या तिकिटाच्या गावात बघितले. तिकिटाची स्वतःची भिंत असते, ज्याच्याकडं पैसे नाहीत तो बाहेरच राहतो, हे मला कळतं. तरीही हे जे दिसलं ते मला सोडून देता येत नाही.

परत आल्यावर आम्ही तीन गोष्टी केल्या.

पहिली, चूल. चुलीवर धुराडं बसवलं, वस्तीवरच्या आणखी एका बाईला पगारावर घेतलं आणि दोघींनी आळीपाळीनं बसायचं ठरवलं. जेवणं झाली की चूल विझते. ज्याला फोटो हवा त्यानं भाकरी होताना यावं.

दुसरी, कलाकार. गोंधळी आणि हलगीवाले येतात त्यांची दिवसाची बिदागी आधी ठरते, पाहुणे दहा येवोत नाहीतर शंभर. आणि हंगामात एक रात्र अशी ठेवलीय, की कथा पूर्ण लावायची. ज्याला बसायचंय त्यानं पहाटेपर्यंत बसावं. पहिल्या वर्षी पाहुण्यांपैकी अकरा माणसं शेवटपर्यंत बसली. गोंधळ्याला मात्र ती अकरा माणसं खूप वाटली.

तिसरी, पाणी. आलेल्या प्रत्येकाला आधी बंद पडलेल्या बोअरपाशी नेतो. सहाशे फूट खोल आहे. आत खडा टाकला तर काय ऐकू येतं ते ऐका, म्हणतो. आणि दुपारच्या जेवणात एक चमचा सुकडी वाढतो. ती आत्या वाढतात आणि कशाची आहे ते सांगतात.

सगळ्यांना आवडतं असं नाही. एक गृहस्थ म्हणाले, आम्ही मजा करायला आलोय, दुष्काळ बघायला नाही. त्यांचंही बरोबर आहे, त्यांनी पैसे दिलेत. पुढच्या रविवारी ते आले नाहीत, आणि एका गटाचं पैसे देणं-न देणं आमच्या महिन्याच्या हिशोबात दिसतं. मजा किती आणि खरं किती, हे प्रमाण अजून आमच्या हाताला बसलेलं नाही. भाकरीच्या पिठासारखंच आहे ते, पाणी रोज नव्यानं अंदाजानं घालावं लागतं.

तुमच्याकडं माझं एकच मागणं आहे. जयपूरला जा, जरूर जा. हुरड्यालाही या. पण आवडलेल्या ठिकाणी एकदा जाऊन थांबू नका, दुसऱ्यांदा जा. पहिल्या वेळी आपण खेळ बघतो, दुसऱ्या वेळी खेळ करणारी माणसं दिसायला लागतात. त्यांच्यापाशी थांबा. विचारा, ही कथा पूर्ण येते का? विचारा, उठता कधी येतं? आणि उत्तर लांबलं तर थोडा वेळ बसा.