गाव पाहावे कसे : भोपाळच्या परिसरातील काही जुनी गावे



शंभर वर्षे पुस्तके सांभाळणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावरून पुस्तकांविषयी न बोलता गावांविषयी बोलण्याची मुभा आपण मला दिलीत, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. विषय थोडा अवांतर वाटेल. परंतु गावाचा आणि ग्रंथालयाचा संबंध काय, हे व्याख्यानाच्या अखेरीस आपोआप स्पष्ट होईल अशी आशा आहे.

इंग्लंडच्या उत्तर भागात, यॉर्कशायरच्या खोऱ्यांत किंवा सरोवरांच्या प्रदेशात, जुनी गावे पायी हिंडून पाहण्याची मोठी परंपरा आहे. दगडी घरे, चुन्याशिवाय रचलेली शेतांची कुंपणे, ओढ्यावरचा लहानसा पूल आणि मध्ये एक चर्च, एवढ्या ऐवजावर त्या लोकांनी केवढे साहित्य निर्माण केले! आपल्यापैकी पुष्कळांनी ती गावे इंग्रजी पुस्तकांतून मनाने पाहिलेली आहेत, आणि मुले-नातवंडे तिकडे असल्यामुळे काहींनी प्रत्यक्षही पाहिली असतील. मात्र भोपाळपासून एका दिवसात जाऊन येण्यासारख्या अंतरावर असलेले उदयपूर आपल्यापैकी कितीजणांनी पाहिले आहे, असा प्रश्न केला तर बहुधा थोडेच हात वर होतील. त्यातही राजस्थानातल्या उदयपूरचा विचार करून काहीजण हात वर करतील, तो भाग वेगळा.

मी म्हणतो ते उदयपूर विदिशा जिल्ह्यातले. गंज बासोद्याहून पंधराएक किलोमीटरवरचे हे खेडे परमार राजा उदयादित्य याच्या नावाने ओळखले जाते. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधले गेलेले तेथील नीलकंठेश्वराचे मंदिर भूमिज शैलीचा एक उत्तम नमुना म्हणून अभ्यासकांना परिचित आहे. मंदिराची वर्णने पुस्तकांत मिळतात, म्हणून मी त्यात शिरत नाही. मला सांगायचे आहे ते मंदिराभोवतीच्या गावाविषयी. मंदिर ज्या तांबूस वालुकाश्माचे, त्याच जातीच्या दगडाची या भागातली जुनी घरे. हा दगड थराथरांनी सुटतो. त्यामुळे त्याच्या लांबरुंद फरश्या निघतात आणि येथे भिंतींप्रमाणेच छपरालाही दगडच वापरतात. यॉर्कशायरमधील जुन्या घरांवरही अशीच दगडी पाट्यांची छपरे असतात आणि कारणही तेच आहे. जवळ जे मिळेल ते वापरायचे, आणि त्या पदार्थाचा स्वभाव ओळखून वापरायचे. जुन्या गावाचे सौंदर्य म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो, ते बहुतेक वेळा या काटकसरीतून आणि जाणतेपणातून आलेले असते. कोणी शोभेसाठी गाव वसवीत नाही. बासोद्याच्या परिसरातला हा दगड आज जहाजातून विलायतेस जातो आणि तेथील अंगणांच्या फरसबंदीसाठी वापरला जातो. खुद्द बासोद्याजवळच्या खेड्यांत मात्र नवे घर सिमेंटचे होत आहे.

उदयपूरशी आपला, म्हणजे मराठी माणसाचा, दुहेरी संबंध आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा मुलूख शिंद्यांकडे असताना महादजींचे सरदार खंडेराव अप्पाजी यांनी नीलकंठेश्वराच्या पिंडीवर पितळेचे आवरण चढविले. पुढे ग्वाल्हेर संस्थानने १९१३ साली स्वतंत्र पुरातत्त्व खाते स्थापन केले, त्याची धुरा मो. बा. गर्दे या मराठी विद्वानाने वाहिली. संस्थानातील कितीतरी आडवाटेच्या गावांतील अवशेषांची पहिली व्यवस्थित नोंद झाली, ती या खात्यामुळे. गर्द्यांचे नाव आज आपल्यातही फारसे कोणी घेत नाही. कामाच्या मानाने त्यांच्या वाट्याला कीर्ती फार थोडी आली.

परंतु अवशेष सांभाळतात ते केवळ विद्वान, असा समज करून घेणे योग्य नव्हे. विदिशाजवळ बेसनगर हे छोटे गाव आहे. तेथील एका दगडी स्तंभाला आसपासचे लोक ‘खांबबाबा’ म्हणून भजत आणि त्यावर शेंदराची पुटे चढवीत. १८७७ साली कनिंगहॅम यांनी हा स्तंभ पाहिला. परंतु शेंदराच्या जाड थरामुळे त्यावरील लेख त्यांना दिसला नाही, आणि घडणीवरून त्यांनी तो गुप्तकाळातला ठरविला. पुढे १९०९-१०च्या सुमारास लेक नावाच्या अधिकाऱ्याच्या लक्षात आले, की शेंदराखाली अक्षरे आहेत. शेंदूर काढल्यावर ब्राह्मी लिपीतील तो सुप्रसिद्ध लेख प्रकट झाला. तक्षशिलेच्या अंतलिकित या यवन राजाचा दूत हेलिओडोरस याने, राजा भागभद्राच्या काळी, वासुदेवाचा हा गरुडध्वज उभारला होता. म्हणजे स्तंभ कनिंगहॅमच्या अंदाजापेक्षा कितीतरी शतके अधिक जुना ठरला. एका ग्रीक माणसाने स्वतःला भागवत म्हणवून घेतल्याचा हा पुरावा इतकी वर्षे कोणी राखला? इतिहासाचे एक अक्षरही ज्यांनी वाचले नव्हते अशा गावकऱ्यांनी. त्यांच्या शेंदराने लेख झाकला हे खरे; परंतु ज्या दगडाला देव मानले, तो दगड फोडून कोणी पायात घातला नाही, हेही तितकेच खरे.

गावकऱ्यांच्या ठेव्यात दुसरी गोष्ट येते ती नावांची. आपल्या शेजारची मंडीदीप ही औद्योगिक वसाहत घ्या. तिच्या नावातला ‘दीप’ म्हणजे द्वीप, असे मानतात. आज तेथे कारखान्यांची गर्दी आहे, बेट कुठले? परंतु भोजराजाने भोजपूरजवळ बांध घालून जो अवाढव्य तलाव निर्माण केला होता, त्याची कल्पना केली म्हणजे या नावाचा अर्थ लागतो. तो बांध पंधराव्या शतकात होशंगशहाने फोडला. तो फोडायला सैन्याला तीन महिने लागले, पाणी ओसरायला तीन वर्षे, आणि तळाची जमीन वस्तीयोग्य व्हायला तीस वर्षे, अशी आख्यायिका गोंड लोकांत सांगितली जाते. आकडे आख्यायिकेचे आहेत. पण एवढा जलाशय नाहीसा होण्याचे भय आणि आश्चर्य त्यांत टिकून राहिले आहे. विल्यम किंकेड या इंग्रज अधिकाऱ्याने १८८८ साली ‘इंडियन अँटिक्वरी’त मध्य भारतातील अवशेषांमधील आपल्या भटकंतीवर लेख लिहिला. त्यात या तलावाची चर्चा आहे आणि भीमबेटक्याचा उल्लेखही आहे. हा उल्लेख स्थानिक आदिवासींनी दिलेल्या माहितीच्या आधारे केलेला होता. भीमबेटका हे बौद्ध स्थान असावे, अशी त्याची समजूत होती.

तेथील चित्रांचे महत्त्व जगापुढे यायला पुढे जवळजवळ सत्तर वर्षे जावी लागली. १९५७ साली भोपाळ-इटारसी मार्गावरील आगगाडीतून जाताना विष्णु श्रीधर वाकणकर यांच्या नजरेस त्या टेकडीवरचे खडक पडले. असे खडक त्यांनी इतरत्र पाहिले होते, म्हणून त्यांची पावले तिकडे वळली. त्या गाडीने रोज शेकडो माणसे जात होती आणि खिडकीही सर्वांना तीच होती. २००३ साली भीमबेटका जागतिक वारसास्थळ झाले. ते पाहायला वाकणकर नव्हते, १९८८ सालीच त्यांचे निधन झाले होते. नीमचला जन्मलेल्या आणि उज्जैनला आयुष्य वेचलेल्या या माणसाकडून आपण एवढे तरी शिकावे, की वाटेत उतरावे.

उतरण्याजोगी गावे आपल्याजवळ थोडी नाहीत. सीहोर जिल्ह्यात दोराहा आहे. डिसेंबर १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावाने निजामाला भोपाळपाशी कोंडले आणि जानेवारी १७३८ मध्ये या दोराह्याच्या मुक्कामी तह झाला. माळवा आणि नर्मदा-चंबळेच्या दरम्यानचा प्रदेश मराठ्यांना मान्य करण्यात आला. शाळेत आपण हा तह सनावळीसह पाठ केला. ते गाव मात्र आपल्या वाटेवर असूनही बहुतेकांच्या खिजगणतीत नाही. भोपाळपासून घटकाभराच्या वाटेवर जगदीशपूर आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी दोस्त मोहम्मद खानाने ते घेऊन त्याचे नाव इस्लामनगर ठेवले आणि तेथे आपली राजधानी केली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी काही वर्षे, १८१७ पर्यंत, ते शिंद्यांच्या ताब्यात होते. २०२३ साली शासनाने पुन्हा जगदीशपूर हे नाव दिले. नावे बदलली, पण चमन महालाची बाग, हमामखाना, गोंडकालीन वास्तूचे अवशेष, आणि कोटाच्या आत नांदणारे गाव, ही सगळी एकमेकांना टेकून उभी आहेत. यांतले एकच पान फाडून वाचू म्हटले, तर कथा लागत नाही.

येथवर मी गावे पाहण्याच्या आनंदाविषयी बोललो. आता त्या आनंदाची किंमत कोण देतो, याविषयी बोलणे भाग आहे.

आपल्याकडे स्मारकाला कायद्याचे संरक्षण आहे, गावाला नाही. २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार, राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे, आणि त्यापुढे दोनशे मीटर ते परवानगीच्या अधीन आहे. हेतू उत्तम आहे. शिखराला खेटून उभी राहणारी तिमजली इमारत कोणाला हवी आहे? परंतु उदयपूरसारख्या ठिकाणी या शंभर मीटरांत पिढ्यान्‌पिढ्यांचे संसार आहेत. मुलाचे लग्न झाले, एक खोली वाढवायची आहे, तर ती वाढविता येत नाही. दुरुस्ती करायची तर त्यासाठीही परवानगी हवी. दोन खेपा घालून माणूस थकतो आणि घर पडू देतो, किंवा विकून बासोद्याला राहायला जातो. अशा रीतीने देऊळ शाबूत राहते आणि त्याच्याभोवतीचे गाव विझत जाते. आपण दूरवरून जाऊन ‘काय सुंदर जुनी घरे आहेत’ असे म्हणतो, त्यावेळी त्या घरात राहणाऱ्याची अडचण आपल्या कौतुकात कुठेच नसते.

इंग्लंडने या बाबतीत एक निराळी वाट धरली. १९६७ च्या कायद्याने तेथे एकेकट्या इमारतीऐवजी संपूर्ण परिसरच जतन करण्याची तरतूद झाली. गावाची घडण, गल्ल्या, कुंपणे, झाडे यांचा एकत्र विचार होऊ लागला आणि बदलाला बंदी न घालता वळण लावले जाऊ लागले. तेथेही सारे सुखाचे झाले असे नाही. सुंदर गावांत शहरातल्या श्रीमंतांनी सुटीतली घरे घेतली, किमती वाढल्या आणि गावच्याच तरुणांना गावात घर परवडेनासे झाले. आणि ज्या सरोवर प्रदेशाचे एवढे गुणगान झाले, तेथेच मॅन्चेस्टर शहराच्या पाण्यासाठी मार्डेल हे गाव १९३० नंतरच्या दशकात बुडविण्यात आले. चर्च उतरविले गेले, दफनभूमीतले देहावशेषही दुसरीकडे हलविले गेले. दुष्काळी वर्षात पाणी आटले, की त्या गावाच्या भिंती उघड्या पडतात आणि लोक त्या पाहायला गर्दी करतात.

मध्य प्रदेशात राहणाऱ्याला मार्डेलची कथा परकी वाटणार नाही. २००४ साली इंदिरा सागर धरणाच्या पाण्यात हरसूद हे गजबजलेले गाव गेले आणि त्याच्यासह इतर दोनशेहून अधिक गावांना त्याची झळ पोहोचली. पुष्कळांनी आपापली घरे स्वतःच्या हातांनी पाडून दारे-खिडक्या बरोबर नेल्या. हरसूद काही रमणीय म्हणून प्रसिद्ध नव्हते. त्यामुळे तिकडे कोणी भटकंतीला गेले नाही. कोणत्या गल्लीला काय म्हणत, बाजार कोणत्या वारी भरे, कोणत्या विहिरीचे पाणी गोड होते, हे आज तेथल्या माणसांच्या आठवणीतच आहे, आणि ती माणसे म्हातारी होत आहेत.

धरण, महामार्ग किंवा नवी घरे यांना आपल्यासारखे ग्रंथालयाचे सभासद थोपवू शकणार नाहीत, आणि सर्वच ठिकाणी थोपवावे असेही मी म्हणणार नाही. पण नोंद करणे आपल्या हातात आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, तेव्हा नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथून कितीतरी मराठी कुटुंबे भोपाळला आली आणि येथलीच झाली. ज्या भूमीने आपल्याला सामावून घेतले, तिची गावे समजून घेणे हे आपले साधे कर्तव्य आहे. महिन्यातून एका रविवारी चार सभासदांनी एका गावी जावे. मंदिर किंवा किल्ला जरूर पाहावा. पण तेवढ्यावर न परतता पारावर बसावे, वृद्धांना विचारावे, विहिरींची, शेतांची, मोहल्ल्यांची नावे टिपावीत, घरमालकाच्या परवानगीने घराचा आराखडा काढावा. जेवणखाण गावातच करावे आणि त्याचे योग्य पैसे द्यावेत. ओरछ्याजवळच्या लाडपुरा खास या गावात लोक आपल्या घरीच पाहुण्यांना उतरवून घेतात. त्यामुळे जुने घर राखणे त्यांना परवडते. घर राखणे परवडले, तर ते राखायला बाहेरच्याने सांगावे लागत नाही.

अशा टिपणांची एकेक वही या ग्रंथालयात जमा व्हावी, गावागणिक एक. ती मराठीत असावी आणि तिची हिंदी प्रत त्या त्या गावच्या शाळेला द्यावी. कारण जे त्यांच्याकडून घेतले, ते त्यांच्या मुलांना वाचता आले पाहिजे. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी वर्गणी काढून पहिले कपाट आणले, त्यांना आज आपण येथे बसून काय वाचू हे ठाऊक नव्हते. तरी त्यांनी ते आणले. पुढच्या शंभर वर्षांच्या वाचकांसाठी आपण निदान एक फळी या वह्यांकरिता मोकळी ठेवावी, एवढीच माझी विनंती आहे.